शिक्षा टळली, नोंद उरली

‘न्यायालयाने सोडून दिले, म्हणजे प्रकरण मिटले,’ असा समज आमच्या अनेक कुटुंबांत आढळतो. नोकरीचा अर्ज भरताना किंवा परदेशी जाण्यासाठी पोलिसांचा दाखला काढताना हा समज तरुणांना महागात पडतो.

अपराधी परिवीक्षा अधिनियम १९५८ च्या कलम ४ अन्वये, फाशी वा जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यास न्यायाधीश लगेच शिक्षा न सुनावता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतात. मुदत कमाल ३ वर्षे. अट मोडल्यास लांबणीवर पडलेली शिक्षा सुनावली जाऊ शकते.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. शिक्षा थांबते, दोषसिद्धी थांबत नाही. कलम १२ मुळे दोषसिद्धीतून येणारी कायदेशीर अपात्रता लागू होत नाही हे खरे. तथापि त्याने डाग पुसला जात नाही, नोकरीतून बडतर्फीही होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये सांगितले. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अल्पवयीनांच्या नोंदी सामान्यतः नष्ट करण्याची तरतूद आहे. एकोणीस वर्षांच्या मुलासाठी तशी सर्वसाधारण तरतूद नाही. हा भेद आम्हांस खटकतो.

मग अर्जात लपवावे काय? मुळीच नाही. २०१६ च्या निकालानुसार माहिती दडवणे हेच नोकरी जाण्याचे कारण ठरू शकते. खरे सांगितल्यास तरुणपणीची किरकोळ चूक मालक पोटात घालू शकतो, मात्र त्याच्यावर सक्ती नाही. म्हणून ‘कबूल करून मोकळे व्हा’ असे वकील म्हणाले, तर ही नोंद पुढे कोठे कोठे आडवी येईल, हे कबुलीपूर्वीच त्यांना विचारावे.