जाणत्याने नव्याने शिकताना
लिनक्सच्या अभ्यासाची साधने व त्यांची निवड

व्यापारी पेढ्यांत कीर्द-खतावणीच्या जागी संगणक येऊन आता बराच काळ लोटला आहे. दिनांक १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण साहाय्य थांबविले, आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारी अनेक सुस्थितीतील यंत्रे अडचणीत आली. अशी यंत्रे भंगारात घालावीत की लिनक्सच्या आधारे आणखी काही वर्षे वापरावीत, हा प्रश्न आता निव्वळ हौसेचा राहिलेला नाही.

लिनक्सचा गाभा फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनुस टोरवाल्ड्स याने १९९१ साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी रचण्यास घेतला. त्यामागील विचारपरंपरा १९६९ साली बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्सची. आणि तो सर्वांना खुला ठेवणारा परवाना रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू चळवळीचा.

देशी नाम्यात मुरलेला मुनीम दुहेरी नोंदपद्धती शिकू लागला, की त्याला आकडेमोड शिकवावी लागत नाही. मांडणी तेवढी समजावून द्यावी लागते. अनुभवी संगणक-वापरकर्त्याची स्थिती नेमकी हीच असते. बाळबोध पुस्तके त्याला कंटाळा आणतात, तर तज्ज्ञांसाठी लिहिलेली पुस्तके पायाच गृहीत धरतात. त्याला हवी असते ती भेदांची उकल. येथे ‘सी’, ‘डी’ अशी वेगळी दालने नाहीत. सर्व फायली एकाच मुळापासून फुटलेल्या वृक्षावर असतात. नावातील लहान-मोठी इंग्रजी अक्षरे भिन्न मानली जातात. प्रत्येक फायलीला मालक असतो, व वाचणे, लिहिणे आणि चालविणे हे अधिकार निरनिराळे दिलेले असतात. नवे कार्यक्रम बहुधा वितरकाच्या भांडारातूनच घ्यावयाचे असतात.

साधनांचा विचार करता, पहिले साधन यंत्रातच असते. ‘मॅन’ ही आज्ञा देऊन पुढे कोणत्याही आज्ञेचे नाव लिहावे, म्हणजे तिची माहिती समोर येते. ‘मॅन हायर’ असे लिहिल्यास फायलींच्या वृक्षाची रचना समजते. नाव ठाऊक नसेल तेव्हा ‘अप्रोपो’ ही आज्ञा विषयावरून शोध घेते. ही पाने संक्षिप्त आहेत. परंतु वाचण्याची सवय जडली, की दुसऱ्यास विचारण्याचे प्रसंग निम्म्याने कमी होतात.

पुस्तकांत विल्यम शॉट्स यांचे ‘द लिनक्स कमांड लाइन’ अग्रक्रमाने वाचावे. त्याची संगणकीय प्रत विनामूल्य मिळते, आणि आज्ञा देण्यापासून छोटे कार्यक्रम लिहिण्यापर्यंतचा क्रम त्यात सुबक साधला आहे. पुढे यंत्राची व्यवस्था पाहावयाची झाल्यास हर्ट्झोग व मास यांचा डेबियन-विषयक ग्रंथ उपयोगी पडतो. विशिष्ट अडचणीसाठी ‘आर्च विकी’ हा संग्रह मोलाचा. तो एका वितरणासाठी लिहिलेला असला, तरी त्यातील पुष्कळसे विवेचन इतरत्रही लागू पडते. इंग्रजीचा अडसर वाटणाऱ्यांसाठी मुंबईच्या आय.आय.टी.ने ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमात लिनक्सचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ मराठीतूनही उपलब्ध केले आहेत.

साधनाची पारख तीन कसोट्यांवर करावी. ते कोणत्या वितरणासाठी व कोणत्या साली लिहिले आहे? आज्ञेबरोबर तिचे कारण सांगितले आहे काय? चूक झाल्यास मागे फिरण्याची वाट दाखविली आहे काय? जो लेख कारण न सांगता ‘सुडो’ने आरंभ होणारी ओळ उतरवून घ्यावयास सांगतो, त्याच्यापासून सावध राहावे, कारण त्या शब्दाने यंत्राचे सर्वाधिकार हाती येतात. अनोळखी कागदावर कोणी डोळे मिटून सही करीत नाही, तोच न्याय येथे लावावा.

शिक्षण मात्र कामातून व्हावे. आरंभी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून छपाईयंत्र, जाळे व आपल्या भाषेचे टंकलेखन जमते की नाही, ते पाहावे. मूळ यंत्रास यामुळे धक्का लागत नाही. नंतर एक खरेखुरे काम हाती घ्यावे. हिशेबाच्या फायलींची प्रत ‘आरसिंक’ने दुसऱ्या तबकडीवर घेणे आणि ‘क्रॉन’कडून ते काम रोज ठरल्या वेळी करवून घेणे, एवढ्या एका अभ्यासात मार्ग, अधिकार, आज्ञा व वेळापत्रक हे चारही विषय हाताखालून जातात. घेतलेली प्रत परत उघडून पाहिल्यावाचून अभ्यास पूर्ण झाला असे मानू नये.

एक सूचना व्यवहाराची. टॅलीसारखे आपल्या पेढ्यांत रुळलेले कार्यक्रम विंडोजसाठी रचलेले आहेत. म्हणून मुख्य हिशेबाचे यंत्र तूर्त तसेच ठेवून दुय्यम यंत्रावर अभ्यास करावा, व पुरती खात्री पटल्यावरच पुढील पाऊल टाकावे. भांडवल अबाधित राखून नवा व्यापार आजमावण्याची आपली जुनी रीत विद्येच्या बाबतीतही तितकीच हितावह आहे.