फिश टँकमधल्या गोगलगायी: औषध नको, आधी अन्न तोडा

नवी पाणवनस्पती लावली, टाकी हिरवीगार दिसू लागली आणि महिनाभरात काचेवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोगलगायी फिरू लागल्या. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत ज्यांच्या घरात फिश टँक आहे, त्यांना हे चित्र नवीन नाही. चार दिसल्या तर कौतुक वाटतं, चाळीस झाल्या की चिडचिड होते आणि मग माणूस दुकानातून औषधाची बाटली घेऊन येतो. तेवढं मात्र करू नका. गोगलगायी टाकीत शिरतात वनस्पतींबरोबर, पण वाढतात उरलेल्या अन्नावर. हे अन्न तोडलं तर औषधाची गरज पडत नाही आणि तोडलं नाही तर कोणतंही औषध पुरत नाही.

आधी ओळख पटवा

घरच्या टाकीत नको असताना येणाऱ्या गोगलगायी साधारण तीन प्रकारच्या असतात. कोणती आहे यावर उपाय ठरतो.

पहिली ब्लॅडर स्नेल, शास्त्रीय नाव फायसेला अ‍ॅक्युटा. शंख पातळ, तपकिरी, सेंटीमीटरभर लांबीचा. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. तोंड डावीकडे उघडत असेल तर ती हीच. ही मूळची उत्तर अमेरिकेतली. 1805 साली द्रापार्नो या अभ्यासकाने तिला नाव दिलं ते फ्रान्समधल्या गारोन नदीतल्या नमुन्यांवरून, म्हणजे तोवर तिने समुद्र ओलांडलाही होता. आज ती जगभर पसरली आहे.

दुसरी रॅम्सहॉर्न. हिचा शंख चपटा, एकाच पातळीत गोल गुंडाळलेला. आपल्याकडच्या तळ्या-डबक्यांत सापडणारी इंडोप्लॅनॉर्बिस एक्सस्टस ही याच घराण्यातली. बहुतेक गोगलगायींच्या रक्तात तांबं असलेलं हिमोसायनिन असतं, पण या घराण्याच्या रक्तात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं. फिकट रंगाच्या रॅम्सहॉर्नचं अंग लालसर दिसतं ते त्यामुळे.

तिसरी ट्रम्पेट स्नेल, म्हणजे मेलानॉइडीस ट्युबरक्युलाटा. शंख लांबट, निमुळता, टोकदार. म्युलर यांनी 1774 साली तिची नोंद केली ती आपल्याच कोरोमंडल किनाऱ्यावरच्या नमुन्यांवरून. ती दिवसा वाळूत दडते आणि रात्री बाहेर येते. घरातले दिवे बंद झाल्यावर तासाभराने मोबाइलचा टॉर्च टाकीवर मारा. दिवसा रिकामी वाटणारी काच अशा टोकदार शंखांनी भरलेली दिसली, तर खरी संख्या तेव्हा कळते.

एका गोगलगायीच्या शंभर कशा होतात

ब्लॅडर आणि रॅम्सहॉर्न या दोन्ही उभयलिंगी. जोडीदार नसेल तर एकटीही स्वतःची अंडी फलित करते. ट्रम्पेटची मादी नराशिवायच पिल्लं देते आणि तीही अंड्यांतून नव्हे, थेट जिवंत. त्यामुळे तिन्ही प्रकारांत एक गोगलगाय आत आली तरी पुरते.

ब्लॅडर आणि रॅम्सहॉर्नची अंडी ओळखायला शिका, निम्मं काम तिथेच होतं. पानाची खालची बाजू उलटी करून उजेडासमोर धरा. सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा पारदर्शक, चिकट जेलीचा ठिपका दिसतो. नीट पाहिलं तर त्यात टाचणीच्या टोकाएवढे गोल दाणे असतात. पिल्लं बाहेर पडायच्या सुमारास प्रत्येक दाण्यात एक गडद ठिपका हळूच फिरताना दिसतो. आपल्याकडच्या हवेत आठवड्या-दोन आठवड्यांत ही अंडी फुटतात. जेली पानाला घट्ट चिकटलेली असते, नुसत्या नळाखाली धरून निघत नाही. नखानेच खरवडावी लागते.

पिल्लं किती जगणार हे मात्र टाकीतलं अन्न ठरवतं. उरलेले दाणे, कुजकी पानं, काचेवरचं शेवाळ, तळाचा गाळ हे सगळं त्यांचं खाणं. आपल्या पट्ट्यातल्या घरांत यात एक खास भर पडते ती शिफ्टची. फर्स्ट शिफ्टला जाणारा पहाटे चिमूटभर खाणं टाकून जातो, मुलं शाळेतून आली की टाकतात, आजी-आजोबा संध्याकाळी टाकतात आणि सेकंड शिफ्टचा माणूस रात्री उशिरा घरी आला की मासे काचेशी आले म्हणून त्यांना पुन्हा देतो. प्रत्येकाने प्रेमानेच दिलेलं असतं, पण माशांच्या पोटापेक्षा जास्त झालेलं सगळं तळाशी जातं.

पाण्याचाही थोडा वाटा असतो. शंख बनायला कॅल्शियम लागतं. पवना धरणातलं सह्याद्रीच्या पावसाचं पाणी तुलनेने मऊ असतं. बोअरवेलचं पाणी बहुधा जड असतं आणि त्यात शंख जोमाने वाढतात. चाकणकडे जिथे बोअर किंवा टँकरवर भागवावं लागतं, तिथे अन्नावरचा हात जास्तच आखडता ठेवावा लागतो.

कमी करण्याचा क्रम

पहिलं पाऊल खाण्याचं. दिवसाचं खाणं सकाळीच एका छोट्या डबीत काढून ठेवा. घरातल्या कोणीही दिलं तरी त्या डबीतूनच द्यायचं आणि डबी रिकामी झाली की त्या दिवसाचं खाणं संपलं. एका वेळी मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच टाका. आठवड्यातून एक दिवस उपास ठेवला तर निरोगी मोठ्या माशांना काही होत नाही.

दुसरं पाऊल सफाईचं. भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीत अनेकांना गुरुवारची सुट्टी असते. तोच टाकीचा दिवस ठरवून टाका. सायफन पाइपचं तोंड खड्यांत खुपसून गाळ ओढा, पिवळी पडलेली पानं कापा, पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ साधारण 57 लिटर पाणी बसतं, म्हणजे पंधरा लिटरची एक बादली पुरेशी होते. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019 पासून पाणी दिवसाआड येतं. पाण्याच्या दिवशी बादली भरून उघडी ठेवली तर पुढच्या पाण्याच्या दिवसापर्यंत त्यातलं क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर अँटिक्लोरीनचे थेंब वापरा. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा. माशांची घाण पचवणारे जिवाणू त्या स्पंजात असतात.

तिसरं पाऊल सापळ्याचं. काकडीची जाड चकती किंवा पालकाचं पान मिनिटभर उकळत्या पाण्यात टाकून मऊ करा. ते बुडावं म्हणून स्टीलच्या चमच्याला दोऱ्याने बांधा आणि दिवे बंद करताना तळाशी ठेवा. सकाळी उजेड होण्याआधी चमचा हळूच उचला. चकतीच्या खालच्या बाजूला गोगलगायी दाटीने चिकटलेल्या असतात. चकती तशीच दिवसभर टाकीत राहिली तर कुजते आणि उलट त्यांचंच अन्न होते, म्हणून सकाळी ती न चुकता काढायची.

हा सापळा पहिल्या आठवड्यात रोज रात्री लावा, पुढे एक दिवसाआड. अंडी फुटत राहतात, त्यामुळे एकदा काढून थांबलात तर पंधरवड्यात नवी फौज तयार होते. रोज काचेवरून आणि पानांखालून अंडी खरवडा. ट्रम्पेट अंडी घालत नाही, तिच्यासाठी रात्रीचा सापळा आणि तळाचा सायफन यांवरच भर द्या. खाणं खरंच कमी केलं असेल तर दीड-दोन महिन्यांत फरक डोळ्यांना दिसतो.

औषधाने काय बिघडतं

गोगलगायी मारणाऱ्या बऱ्याच औषधांत तांब्याचा क्षार असतो. शेतकऱ्यांच्या ओळखीचं मोरचूद तेच. गोगलगायींसाठी तांबं विषारी आहे, पण मासेही त्यातून सुटत नाहीत. ते माशांच्या कल्ल्यांवर हल्ला करतं. जड पाण्यातलं कॅल्शियम त्याचा जोर थोडा रोखतं, मऊ पाण्यात तो आधार नसतो. म्हणजे पवनेच्या पाण्याच्या टाकीत तेच माप जास्त घातक ठरतं. कोळंबी असेल तर तिच्या जिवावरच बेततं आणि खड्यांत मुरलेलं तांबं पुढे कित्येक दिवस पाण्यात झिरपत राहतं.

समजा औषधाने गोगलगायी मेल्याही, तरी दुसरं संकट उभं राहतं. वाळूतल्या आणि दगडांमागच्या शेकडो गोगलगायी एकाच रात्री कुजायला लागतात. पाण्यातला अमोनिया वाढतो, प्राणवायू घटतो. एप्रिल-मे महिन्यांत पाणी तापलेलं असतं, तेव्हा प्राणवायू आधीच कमी आणि अमोनिया जास्त जहाल. सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात. एवढं करून ज्या अन्नावर गोगलगायी वाढल्या ते तळाशी तसंच असतं आणि वाचलेल्या अंड्यांमुळे सगळं पुन्हा सुरू होतं.

गोगलगायी खाणारे मासे आणावेत का?

दुकानदार लोच किंवा पफर सुचवतात. हे मासे गोगलगायी खातात, हे खरं आहे. पण झेब्रा लोच म्हणून विकला जाणारा बोटिया स्ट्रायाटा हा पश्चिम घाटातला, आपल्याच कृष्णा खोऱ्यातला मासा आहे आणि जागतिक संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. बुटका पफर केरळातला, त्याचीही स्थिती नाजूक आहे. लोच घोळक्याने राहतो, त्याला मोठी टाकी लागते. पफर इतर माशांचे पर कुरतडतो. एका महिन्याच्या कामासाठी कित्येक वर्षं जगणारा जीव आणणं योग्य नाही. त्याची नीट सोय करणार असाल आणि तो तुम्हाला पाळायचाच असेल, तरच आणा.

असॅसिन स्नेल ही आग्नेय आशियातली गोगलगाय दुसऱ्या गोगलगायी खाते. तिच्यात नर-मादी वेगळे असतात आणि वाढ संथ असते, म्हणून ती आवाक्यात राहते. लहान टाकीत तीन-चार पुरतात, पण खाण्याचा हात सैल असेल तर त्यांचाही उपयोग होत नाही.

आत येण्याआधी तपासा

कारखान्यात येणारा माल इनकमिंग इन्स्पेक्शनशिवाय लाइनवर जात नाही. टाकीत लावायच्या वनस्पतीलाही तोच नियम लावा. आणल्यावर कुजकी पानं आणि कुंडीचा कापूस काढा, प्रत्येक पान उलटून पाहा. मग बादलीत लिटरला दोन छोटे चमचे तुरटीची पूड विरघळवून वनस्पती दिवसभर बुडवून ठेवा. नाजूक जात असेल तर आधी एकाच काडीवर प्रयोग करा. नंतर दोन-तीन पाण्यांत स्वच्छ धुवा. तुरटीच्या पाण्यात मासा अजिबात टाकू नका. पुढे तीन-चार आठवडे वनस्पती वेगळ्या बादलीत, खिडकीच्या उजेडात ठेवा. एखादं अंडं वाचलं असेल तर गोगलगाय त्या बादलीतच दिसेल. एवढं करायचं नसेल तर टिश्यू कल्चरच्या बंद कपातली वनस्पती घ्या. ती प्रयोगशाळेत निर्जंतुक वाढवलेली असते.

मासे आणता तेव्हा पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका, मासा जाळीने उचलून सोडा. पवना-इंद्रायणीच्या काठावरून किंवा तळ्यातून वनस्पती उपटून आणणं टाळाच. रानातल्या गोगलगायींमधून परजीवी जंत पसरतात. इंडोप्लॅनॉर्बिस हीच गुरांच्या रक्तातल्या चपट्या जंतांची वाहक आहे आणि त्या जंतांच्या पिल्लांनी माणसाच्या त्वचेला खाज सुटते. 1950च्या दशकात रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात माणसांना होणारा असाच गोगलगायींमार्फत पसरणारा आजार नोंदवला गेला होता. टाकीचं काम झाल्यावर साबणाने हात धुण्याची सवय घरातल्या मुलांनाही लावा.

किती राहिल्या तर चालतील?

सगळ्या संपवण्याचा हट्ट धरू नका. थोड्या गोगलगायी काचेवरचं शेवाळ आणि मेलेली पानं खातात, ट्रम्पेट वाळू खालीवर करते. शिवाय ट्रम्पेटला कल्ले असतात, त्यामुळे ती भर दिवसा झुंडीने काचेवर चढली तर पाण्यात काहीतरी बिघडलंय समजा आणि लगेच पाणी बदला. संख्या पुन्हा वाढू लागली की बाटली शोधण्याआधी खाण्याची डबी तपासा.

शेवटची विनंती सगळ्यात महत्त्वाची. काढलेल्या गोगलगायी आणि वनस्पती बेसिनमध्ये, नाल्यात किंवा नदीत टाकू नका. पवना दापोडीला मुळेला मिळते, पुढे मुळा-मुठेतून ते पाणी भीमेत आणि उजनीत जातं. शोभेच्या टाक्यांतून सुटलेला सकर मासा देशभरातल्या नद्या-जलाशयांत असाच पसरला आणि मासेमारांची डोकेदुखी झाला. गोगलगायींवर उकळतं पाणी ओता, वनस्पती उन्हात कडक वाळवा आणि दोन्ही ओल्या कचऱ्यात द्या. आपल्या टाकीतला उपद्रव आपल्या टाकीतच संपवा, नदीच्या वाट्याला तो जाऊ देऊ नका.