अपौरुषेय लक्ष्मी : श्रमातून उभा राहणारा सामुदायिक निधी

एखाद्या गावाच्या अथवा वस्तीच्या उन्नतीसाठी तेथील लोकांच्या नावे कायम राहणारा आणि त्यांच्या गरजेनुसार खर्च होणारा निधी ज्या संस्थेत उभारला जातो, तिला ‘समुदाय प्रतिष्ठान’ म्हणता येईल. अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात फ्रेडरिक गॉफ या कायदेपंडित व बँक-व्यवस्थापकाने १९१४ मध्ये स्थापन केलेले क्लीव्हलंड फाउंडेशन हे या प्रकारातील आद्य प्रतिष्ठान मानले जाते. त्या काळी धनिकांच्या मृत्युपत्रांतील देणग्या विशिष्ट हेतूला जखडलेल्या असत आणि तो हेतू कालबाह्य झाला तरी पैसा अडकून पडे. गॉफ यांनी अशा देणग्या एकत्र आणून त्यांच्या विनियोगाचा अधिकार नागरिकांच्या समितीकडे सोपवला. पुढे २००८ मध्ये याच प्रतिष्ठानाच्या पाठबळावर एव्हरग्रीन सहकारी उपक्रम सुरू झाला. शहरातील मोठ्या रुग्णालयांना लागणारी कपडे-धुलाईसारखी कामे गरीब वस्त्यांतील कामगारांच्याच मालकीच्या संस्थांनी करावीत, अशी त्यामागील योजना होती.

निधी कशातून उभा राहतो, यावरून सामुदायिक निधीचे तीन प्रकार पडतात. पहिला दाननिष्ठ, ज्याचे क्लीव्हलंड हे उदाहरण होय. मुंबईतील बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट हा त्याच धर्तीचा. दुसरा प्रकार बचतनिष्ठ. बडोद्यात १८८९ मध्ये विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने निघालेली अन्योन्य सहायकारी मंडळी, गावोगावच्या भिशी आणि आजचे महिला बचत गट या प्रकारात येतात. तिसरा प्रकार श्रमनिष्ठ. यात ना दाता असतो, ना ठेवीदार. लोकांनी दिलेल्या कामाच्या दिवसांतून संपत्ती निर्माण होते. हा प्रकार विरळा आहे आणि त्याचे ठळक आधुनिक उदाहरण ज्यांनी घडवले, त्या पांडुरंगशास्त्री आठवले यांचे जन्मस्थान रायगड जिल्ह्यातील रोहा हे होय.

कुंडलिका नदीच्या एका तीरावर रोहा आणि समोरच्या तीरावर अष्टमी अशी ही जोडगावे असून दोहोंचा कारभार रोहा-अष्टमी नगरपरिषद पाहते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे घराणे रोह्याचे. पांडुरंगशास्त्रींचा जन्म १९ ऑक्टोबर १९२० रोजी रोह्यातच झाला. एकाने देशाची तिजोरी सांभाळली, तर दुसऱ्याने गावागावांत कुलूप नसलेल्या तिजोऱ्या निर्माण केल्या.

पांडुरंगशास्त्रींचे वडील वैजनाथशास्त्री यांनी मुंबईच्या माधवबागेत १९२६ मध्ये श्रीमद्भगवद्गीता पाठशाळा सुरू केली. तेथील प्रवचनांतून स्वाध्याय परिवार आकाराला आला. १९५४ मध्ये जपानमधील धर्मपरिषदेत भाग घेऊन परतल्यावर पांडुरंगशास्त्रींनी गीतेतील विचार प्रत्यक्ष समाजजीवनात उतरवण्याचे कार्य हाती घेतले आणि त्यांचे सहकारी भक्तिफेरीच्या निमित्ताने स्वखर्चाने खेड्यांत जाऊ लागले. भक्तीची दोन अंगे त्यांनी सांगितली : भावभक्ती आणि कृतिभक्ती. हाताला जे कौशल्य आहे ते देवाच्या चरणी वाहणे ही कृतिभक्ती. शेतकऱ्याचे कौशल्य शेतीत आणि कोळ्याचे समुद्रात असल्यामुळे या एका विचारातून निरनिराळे आर्थिक प्रयोग जन्मले.

त्यांतील मूळ प्रयोग ‘योगेश्वर कृषी’ हा होय. गावकरी मिळून जमिनीचा एक तुकडा विकत किंवा खंडाने घेतात. हे शेत योगेश्वराचे, म्हणजे श्रीकृष्णाचे मानले जाते आणि त्यात राबणारा ‘पुजारी’ ठरतो. नांगरणीपासून झोडणीपर्यंतची सर्व कामे पाळीने होतात. प्रत्येकाच्या वाट्याला वर्षातून मोजकेच दिवस येतात आणि त्या दिवसांची मजुरी कोणी घेत नाही. एका वाफ्यात आज जमीनदार घराण्यातील माणूस चिखलात उभा असेल, तर उद्या तेथेच भूमिहीन कुटुंबातील माणूस असेल. पीक हाती आल्यावर कोणता दाणा कोणाच्या श्रमाचा हे सांगता येत नाही. म्हणूनच या उत्पन्नावर कोणा व्यक्तीचा हक्क उरत नाही आणि त्याला ‘अपौरुषेय लक्ष्मी’ असे नाव मिळाले.

किनारपट्टीवर याच तत्त्वाने ‘मत्स्यगंधा’ अवतरली. मच्छीमारांनी आपल्या कमाईतील काही भाग बाजूला काढला आणि त्या पैशातून सामुदायिक होडी घेतली. तिच्यावरील खलाशी पाळीने बदलतात. या प्रयोगाचे अर्थशास्त्रीय मर्म वाट्याच्या पद्धतीत आहे. रूढ व्यवहारात मासळीच्या उत्पन्नातून होडीचा आणि जाळ्यांचा वाटा आधी निघतो. तो मालकाकडे जातो आणि उरलेल्यात खलाशांचे वाटे पडतात. होडी नसलेला आयुष्यभर खलाशीच राहण्याचे हे एक मोठे कारण आहे. मत्स्यगंधेवर भांडवलाचा वाटा कोणत्याही नाखव्याच्या घरी जात नाही आणि श्रमाचा वाटाही स्वेच्छेने सोडलेला असतो, त्यामुळे सगळे उत्पन्न सामुदायिक निधीत जमा होते.

पुढे या प्रयोगांचा विस्तार झाला. ‘श्रीदर्शनम्’मध्ये अनेक गावे मिळून मोठे शेत कसतात, तर ‘वृक्षमंदिर’ या फळबागांना प्राचीन ऋषींची नावे दिली जातात आणि आसपासच्या गावांतील लोक पाळीपाळीने तेथे राहून झाडांची निगा राखतात. गुजरात व महाराष्ट्रात या कार्याचा विशेष प्रसार झाला. श्याम बेनेगल यांनी १९९१ मध्ये त्यावर ‘अंतर्नाद’ हा चित्रपट काढला. पांडुरंगशास्त्रींना १९९६ मध्ये सामुदायिक नेतृत्वासाठी मॅगसेसे पुरस्कार, १९९७ मध्ये टेम्पल्टन पुरस्कार आणि १९९९ मध्ये पद्मविभूषण प्राप्त झाले. २५ ऑक्टोबर २००३ रोजी त्यांचे निधन झाले.

निधीचा विनियोग हे या व्यवस्थेचे सर्वांत नाजूक अंग आहे. अडचणीतील कुटुंबाला मिळणारी मदत प्रसाद म्हणून आणि गाजावाजा न करता दिली जाते. ते कर्ज नसते, त्यामुळे व्याजही नसते. घेणाऱ्याने स्वतः त्याच शेतात किंवा होडीवर पाळी भरलेली असल्याने त्याला याचकाची भूमिका पत्करावी लागत नाही. दाननिष्ठ निधीत देणारा आणि घेणारा यांच्यातील अंतर नियमांनी कमी करावे लागते. येथे ते रचनेतच मिटते.

या रचनेच्या मर्यादाही ध्यानी घ्याव्या लागतात. तिचा पाया श्रद्धा हा असल्याने त्या परिघाबाहेरील माणसाला तिच्यात स्थान मिळणे कठीण. शिवाय विनामजुरीचा एक दिवस सर्वांना सारखाच परवडतो असे नाही. पावसाळा सरताच वीटभट्टीवर निघून जाणाऱ्या कातकरी कुटुंबासाठी तो दिवस महागाचा असतो. बचतनिष्ठ व्यवस्थेत मात्र सदस्याचा हक्क लेखी असतो. महाराष्ट्रात २०११ पासून चालणाऱ्या ‘उमेद’ या ग्रामीण बचत गटांच्या अभियानात महिलांचे गट, त्यांचा ग्रामसंघ आणि त्यावर प्रभागसंघ अशी उतरंड आहे. समुदाय गुंतवणूक निधी ग्रामसंघामार्फत गटांना कर्जाऊ मिळतो आणि फिरून परत येतो. प्रत्येक हप्त्याची नोंद वहीत असते.

रोहा-अष्टमीच्या परिसरात दाननिष्ठ निधीचा स्रोतही उपलब्ध आहे. धाटाव येथे रासायनिक उद्योगांची औद्योगिक वसाहत आहे. कंपनी कायदा २०१३ मधील कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते आणि त्यात कार्यक्षेत्राच्या परिसराला प्राधान्य द्यावयाचे असते. मात्र कोणत्या कामाला किती द्यायचे हे कंपनीचे संचालक मंडळ ठरवते.

तिन्ही प्रकारांचे गुण परस्परपूरक आहेत. दानातून मोठी रक्कम येते, बचतीतून हिशेबाची शिस्त येते आणि श्रमातून बरोबरीचे नाते येते. परिसराच्या न्याय्य विकासासाठी स्थापन होणाऱ्या कोणत्याही निधीचे मूल्यमापन केवळ जमा रकमेवरून करणे अपुरे ठरेल. त्यातून मदत घेणाऱ्याला निर्णयात आणि निर्मितीत कितपत वाटा आहे, हा निकष त्याहून महत्त्वाचा आहे आणि रोह्याच्या सुपुत्राने उभारलेल्या श्रमनिष्ठ निधीचे वेगळेपण त्याच निकषावर सिद्ध होते.