सोनं तेच, आधार वेगळा

सोनं गंजत नाही, सहसा कशाशी संयोग पावत नाही. म्हणून उत्प्रेरक म्हणून त्याच्याकडे फारसं कुणी पाहिलं नव्हतं. जपानमधील ओसाकाच्या सरकारी औद्योगिक संशोधन संस्थेत मासाताके हारुता यांनी लोह, कोबाल्ट यांच्या ऑक्साइडवर सोन्याचे अतिसूक्ष्म कण बसवले. १९८७ मध्ये त्यांनी जाहीर केलेला निष्कर्ष थक्क करणारा होता: उणे ७० अंश सेल्सिअसलाही विषारी कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइड होत होतं.

कणांचा आकार साधारण ५ नॅनोमीटरच्या आत हवाच. पण तेवढ्याने भागत नाही; कण ज्यावर बसवतात तो आधारही योग्य लागतो.

टायटॅनियम डायऑक्साइडवर बसवलेलं सोनं या अभिक्रियेत तल्लख असतं. तेवढेच बारीक कण सिलिकावर बसवले, तर ते बरेच मंद पडतात. टायटॅनियम किंवा लोहाचं ऑक्साइड नुसतं ओझं वाहत नाही, ऑक्सिजनला क्रियाशील करायला हातभार लावतं. सोनं आणि ऑक्साइड जिथे भिडतात, ती कणाभोवतीची कड खरी कामाची. शिवाय सिलिकावर सोन्याची पकड सैल असते. तापवलं की कण सरकतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि निकामी ठरतात.

पण प्रत्येक कामासाठी सर्वांत चांगला असा एकच आधार नाही. पीव्हीसीचा कच्चा माल असलेलं व्हिनाइल क्लोराइड ॲसिटिलीनपासून बनवताना कार्बनवरचं सोनं उपयोगी पडतं. रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम हचिंग्ज यांनी हे भाकीत १९८५ मध्येच केलं होतं. त्या कामासाठी आजवर घातक पारा वापरला जात आला आहे.