कायदा पाठ, पण वकिली येते का?

मोहनदास गांधी १८९१ साली विलायतेत बॅरिस्टर झाले. मुंबईला आल्यावर स्मॉल कॉजेस कोर्टात पहिला खटला मिळाला, फी तीस रुपये. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला ते उभे राहिले खरे, पण डोके गरगरू लागले, एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले आणि फी परत केली. कायदा त्यांनी वाचला होता. वकिली कशी करावी हे कुणी शिकवले नव्हते.

ही उणीव राहू नये म्हणून इंग्लंड आणि वेल्समध्ये सॉलिसिटर होऊ इच्छिणाऱ्यांसाठी २०२१ पासून दोन भागांची परीक्षा आहे. आपल्याकडचे कायद्याचे पदवीधरही तिला बसू शकतात. पहिल्या भागात ३६० प्रश्न, प्रत्येकाला पाच पर्याय. दुसरा भाग मात्र हातच्या कामाचा. त्यात बारा लेखी कामे : पत्र लिहा, मसुदा करा, कायदा शोधा, प्रकरणाची छाननी करा. आणि चार तोंडी.

तोंडी काम कसे असते, पाहा. दहा मिनिटे कागद वाचायला मिळतात. मग समोर अशील येतो, कधी घराच्या व्यवहाराचा, कधी मृत्युपत्राचा. तो असतो नट. पण गुण तोच देतो! कायद्याचे नव्हेत हं. या वकिलाने माझे नीट ऐकले का, मला विश्वास वाटला का, याचे. पंचवीस मिनिटांची भेट संपली की तेवढ्याच वेळात हाताने टिपण लिहायचे. ते सॉलिसिटर तपासतो. युक्तिवादाला पंचेचाळीस मिनिटे तयारी आणि न्यायाधीशापुढे पंधरा मिनिटे.

मग तयारी कशी करावी? खोलीचे दार लावून घोकंपट्टी केल्याने हे साधत नाही. पाण्यात पडल्याशिवाय का पोहता येते? एका मित्राला अशील करा. "काय झाले, सगळे सांगा," एवढेच विचारा आणि मध्ये तोडू नका. शेवटी त्याचेच म्हणणे सोप्या शब्दांत त्याला परत सांगा. पत्र लिहिलेत, तर कायदा न शिकलेल्या माणसाला वाचायला द्या. तो अडखळला, तर दोष तुमच्या वाक्याचा. घड्याळ मात्र समोर हवे. अर्थात कायदाही तोंडात हवाच. अर्धे गुण त्याचे असतात.

गुरुजी, हा धडा वकिलांपुरता नाही. मुलाला उत्तर येते, पण चारचौघांत सांगता येत नाही, हे आपण रोज पाहतो. त्याला उभे करा, बोलू द्या, चुकू द्या.

गांधीजीही पुढे शिकले. दक्षिण आफ्रिकेत दादा अब्दुल्लांच्या दाव्यात त्यांनी हकिकतीचा कण न् कण तपासला आणि लवादाकरवी तंटा मिटवला. कोर्टाची पायरी चढणाऱ्याचे घर, शेत, अब्रू पणाला लागलेली असते. त्याचे आधी ऐकून घेणारा माणूस त्याला हवा असतो. परीक्षा आहे ती याचीच.