नाव आठवले नाही तरी चालेल
‘ओळखा पाहू कोण?’ हा जुना खेळ ज्येष्ठांसोबत नव्याने

घरी पाहुणे येतात, चहा होतो आणि कुणीतरी कोपऱ्यातील आरामखुर्चीकडे वळून मोठ्या उत्साहाने विचारते, ‘‘काय आजोबा, ओळखलंत का मला?’’ विचारणाऱ्याच्या मनात प्रेमच असते. परंतु त्या क्षणी आजोबांच्या चेहऱ्यावर काय उमटते, ते आपण कधी निरखून पाहिले आहे का? समोरचा चेहरा परिचयाचा आहे, आवाजही ऐकलेला आहे. नाव मात्र काही केल्या सापडत नाही, आणि सारे घर उत्तराची वाट पाहत आहे. असे दोन-चार प्रसंग घडले की पुष्कळ ज्येष्ठ मंडळी चारचौघांत येऊन बसणेच टाळू लागतात.

म्हणूनच या लेखात ज्या खेळाविषयी लिहायचे आहे, त्याचा पहिला नियम आरंभीच सांगून ठेवावासा वाटतो: नाव आठवलेच पाहिजे असे नाही.

खेळ आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. एकाने मनात एखादी प्रसिद्ध व्यक्ती धरायची आणि इतरांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर येईल असे प्रश्न विचारत, वीस प्रश्नांच्या आत ती ओळखायची. दुसऱ्या प्रकारात एकजण खुणा सांगत जातो. आधी अवघड, मग सोप्या. यासाठी ना साहित्य लागते, ना खर्च. इतिहासातील व्यक्ती आणि गाजलेले खेळाडू हे विषय त्यात विशेष सोयीचे, कारण ही माणसे आजीलाही ठाऊक असतात आणि शाळेत जाणाऱ्या नातीलाही.

नावच का अडते?

‘‘अहो, तो नाही का, ठेंगणासा, वाडेकरांच्या संघातला! वेस्ट इंडिजमध्ये पहिल्याच मालिकेत धावांचा डोंगर रचला त्याने…’’ असे कुणी म्हणाले, तर त्यांना सुनील गावसकर आठवले नाहीत असे आपण म्हणू का? १९७१ ची ती मालिका, चार कसोटींतील त्या ७७४ धावा, रेडिओला कान लावून बसलेली गल्ली, हे सारे त्यांच्या मनात जसेच्या तसे आहे. हरवले आहे ते केवळ नाव.

याला कारण आहे. मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या एका जुन्या प्रयोगाचे तात्पर्य मराठीत असे सांगता येईल: एका अनोळखी चेहऱ्याविषयी ‘हे सुतारकाम करतात’ असे सांगितले, तर ते बऱ्यापैकी लक्षात राहते, ‘यांचे आडनाव सुतार’ असे सांगितले, तर ते लवकर विसरते. शब्द एकच, परंतु व्यवसाय म्हटला की रंधा, करवत, लाकडाचा वास असे कितीतरी धागे त्याला जोडले जातात. नावाला असा आधार नसतो. वय वाढते तसा नाव शोधायला लागणारा वेळही वाढतो. ‘अगदी जिभेवर आहे’ असे म्हणण्याची पाळी तरुणांवरही येते. ज्येष्ठांवर ती अधिक वेळा येते, एवढेच.

माणसे निवडावीत ती त्यांच्या काळातील

साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी उतारवयात अधिक ठळकपणे टिकून राहतात, असे अभ्यासकांना आढळले आहे. स्मृतिभ्रंशातही अनेकदा सकाळचा नाश्ता विसरतो, शाळेचा रस्ता मात्र आठवतो. आज ऐंशीच्या आसपास असलेल्या व्यक्तीचे तारुण्य १९६० आणि १९७० च्या दशकांतले. तिला आजच्या खेळाडूंविषयी विचारण्यापेक्षा मिल्खासिंग, नंदू नाटेकर, अजित वाडेकर यांच्या काळात न्यावे. क्रिकेटची गोडी नसलेल्या आजींसाठी सावित्रीबाई फुले, झाशीची राणी, जिजाबाई आहेतच. आवड त्यांची, निवडही त्यांचीच असू द्यावी.

नियमांत थोडे फेरफार

शक्यतो ज्येष्ठांनी व्यक्ती मनात धरावी आणि नातवंडांनी ओळखावी. मग परीक्षा मुलांची होते आणि गुपित आजोबांच्या मुठीत राहते. विसरण्याचा संभव असल्यास ते नाव ठळक अक्षरांत चिठ्ठीवर लिहून त्यांच्या हाती द्यावे.

उत्तर म्हणून वर्णनालाही पूर्ण गुण द्यावेत. ‘कोल्हापूरकडचा पैलवान’ किंवा ‘मुलींची शाळा काढणाऱ्या बाई’ एवढे आले, की टाळी वाजवावी. नाव दुसऱ्या कुणी पुरवले तरी चालते.

अडखळल्यास दोन पर्याय द्यावेत: ‘‘टिळक की आगरकर?’’ छायाचित्र असल्यास तेही दाखवावे. उत्तर चुकले, तर ते खोडून न काढता त्याच वाटेने पुढे जावे. वाडेकरांऐवजी उम्रीगरांचे नाव आले, तर ‘‘उम्रीगरांचा खेळ तुम्ही पाहिला होता का?’’ असे विचारावे. त्या दिवशीचा खेळ कदाचित तिथेच थांबेल आणि एका सामन्याची गोष्ट सुरू होईल. तसे झाले तर खेळ सार्थकी लागला असे समजावे.

‘‘कालच तर सांगितलं होतं!’’ हे वाक्य मात्र या बैठकीत कुणीही उच्चारू नये.

बैठक कशी असावी

तीन-चार माणसे पुरेत. गलका झाला की कमी ऐकू येणारी व्यक्ती आपोआप बाजूला पडते. दूरदर्शन संच बंद करावा, श्रवणयंत्र आणि चष्मा जागेवर आहेत ना ते पाहावे. बोलणाऱ्याने समोर बसावे आणि प्रकाश त्याच्या चेहऱ्यावर पडेल असे पाहावे. उत्तरासाठी घाई करू नये. मनात सावकाश दहा अंक मोजावेत. पंधरा-वीस मिनिटे झाली की थांबावे. स्मृतिभ्रंश असलेल्या अनेकांना दिवस कलताना अस्वस्थ वाटते. त्यांच्यासाठी सकाळची वेळ बरी. चेहरा कंटाळलेला वा ओशाळलेला दिसला, तर त्याच क्षणी विषय बदलावा.

नमुन्यादाखल चार कोडी

१. खरे नाव रमेशचंद्र, पण सारे हाक मारत ती घरगुती नावाने. डावखुरे फिरकी गोलंदाज. १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध सलग २१ षटके निर्धाव टाकली.

२. गाव कराडजवळचे गोळेश्वर. खेळ मातीतला. १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

३. लग्न नवव्या वर्षी. १८८३ मध्ये समुद्रमार्गे अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच निधन. पतीचे नाव गोपाळराव.

४. माहेर चौंडी. सासरे मल्हारराव. राजधानी नर्मदाकाठी महेश्वर. काशीविश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले.

एक सावधगिरी

हा खेळ औषध नव्हे. त्याने स्मृतिभ्रंश बरा होतो, असा दावा कुणी केल्यास विश्वास ठेवू नये. त्याने मिळते ती सोबत, हसू, आणि ‘मला अजून पुष्कळ ठाऊक आहे’ हा दिलासा. मात्र खेळताना एरवी सहज येणाऱ्या गोष्टी वारंवार निसटू लागल्याचे, रोजच्या व्यवहारातही तसेच घडत असल्याचे जाणवले, तर डॉक्टरांना जरूर दाखवावे. थायरॉइडचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य किंवा काही औषधे यांमुळेही विसरभोळेपणा वाढतो आणि त्यावर उपाय असतात. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक गोंधळलेपण आले, तर ते वयाचे म्हणून सोडून देऊ नये. त्यामागे जंतुसंसर्गासारखे कारण असू शकते. अशा वेळी तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.

आणि पाहुणे म्हणून आपणच कुणाच्या घरी गेलो, तर? आरामखुर्चीजवळ बसावे, हात हाती घ्यावा आणि आपणहून सांगावे, ‘‘नमस्कार आजोबा, मी तुमच्या शेजारच्या कमलताईंचा धाकटा मुलगा. तुमच्याबरोबर रेडिओवर सामने ऐकायला यायचो.’’ कोडे घालायचेच असेल तर ते गावसकरांचे घालावे, स्वतःचे नको.

(उत्तरे: १. बापू नाडकर्णी २. खाशाबा जाधव ३. डॉ. आनंदीबाई जोशी ४. अहिल्याबाई होळकर)