मांडवातला बँजो

भिवंडीत हार्डकोर पंकची मैफल कुठं ऐकायला मिळेल, असं पुण्याच्या एका मित्रानं विचारलं. पंकला मैफल म्हणणारा हा पहिलाच माणूस मला भेटला. मी त्याला खारबावच्या बाजूच्या एका गावात हळदीला घेऊन गेलो.

फसवणूक नव्हती त्यात. १९८०च्या सुमारास वॉशिंग्टनमध्ये आणि कॅलिफोर्नियात पोरांनी पंकचा वेग आणखी वाढवला, गाणी मिनिट-दोन मिनिटांवर आणली आणि त्याला हार्डकोर म्हणू लागले. वाजवायला शिकून मग बँड काढायचा, हा क्रम त्यांनी उलटा केला. तिकीट स्वस्त, मंच बुटका, माइक प्रेक्षकांच्या तोंडाशी. मुंबईत स्क्राइब, द रायट पेडलर्स, डेथ बाय फंगाय यांनी हा आवाज आपलासा केला. त्यांच्या आधीच्या पिढीचं देऊळ म्हणजे धोबी तलावचं रंगभवन. ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव १९८६ साली तिथंच सुरू झाला. पुढं शेजारच्या कॉलेज-इस्पितळांमुळे तो परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवनातला आवाज गेला.

भिवंडी शहरात शांतता क्षेत्राची कल्पनाच जरा विनोदी वाटते. यंत्रमागाच्या खोलीत शेजारच्याशी बोलायचं तर तोंड त्याच्या कानाला लावावं लागतं. शहराबाहेर पूर्णा, वळ, मानकोलीकडं गोदामांची रांग आणि रात्रभर कंटेनर. त्या गोदामांच्या मागं मात्र आगरी गावं अजून जागेवर आहेत. लग्नाच्या आदल्या रात्री तिथं जो आवाज लागतो, त्याच्या मध्यभागी एक लाकडी पेटी असते. तिचं नाव बँजो.

अमेरिकेतल्या गोल, कातडी मढवलेल्या बँजोशी हिचं काही नातं नाही. ही जपानची. १९१२ साली नागोयात गोरो मोरिता नावाच्या माणसानं टंकलेखन यंत्राच्या कळा तारवाद्यावर बसवल्या. तैशो राजवट त्याच वर्षी सुरू झाली होती, म्हणून नाव पडलं तैशोगोतो. कळांवर आकडे. स्वरलिपी येत नसली तरी आकडे बघून घरी बसल्या गाणं वाजवता यावं, ही सोय. हिंदुस्थानात ती बुलबुल तरंग झाली, बलुचिस्तानात बेंजू आणि आमच्याकडं बँजो.

पेटीच्या आतली करामत साधी आहे. डाव्या हातानं कळ दाबली की तिच्या खालची पट्टी तारेवर टेकते, तारेची लांबी कमी होते, स्वर चढतो. उजव्या हातातल्या नखीनं तार छेडायची. सतारीसारखी तार ओढून मींड काढायची सोय नाही, आणि छेडलेला स्वर क्षणात विझतो. मग स्वर धरून ठेवायचा कसा? नखी थांबूच द्यायची नाही. एकाच स्वरावर इतक्या झपाट्यानं आघात करायचे की कानाला सलग रेघ वाटावी. बँजोचा तो थरथरता, चिडलेला आवाज या उणिवेतून आला आहे. त्यात आपल्या लोकांनी तारांखाली पिकअप बसवला, वायर अॅम्प्लिफायरला जोडली, वर इको सोडला. दिवाणखान्यासाठी केलेली पेटी टेम्पोवर चढली.

आम्ही पोचलो तेव्हा उंबराच्या डहाळ्या लावलेल्या मांडवात धवलारीण धवला, म्हणजे लग्नगीतं, म्हणत होती. आगरी लग्न लावण्याचा मान या बायकांचा. तिचं संपेपर्यंत बँजो पार्टीवाले ताशा शेकत, पॅडच्या वायरी तपासत बसले होते. बँजोवाला दिवसा गोदामात माल चढवतो. शिकला कुणाकडं? कुणाकडंच नाही, गणपतीत मोठ्या पोरांच्या मागं उभं राहून बोटं पाहिली. आता सुपारी मिळवायची तर डीजेशी झगडावं लागतं, असं तो म्हणाला. डीजेला चहा पाजावा लागत नाही, हे त्याचं निरीक्षण.

मग सुरू झालं. पहिल्या दोन स्वरांत गाणं ओळखून अख्खं अंगण ओरडलं. बँजो शब्द वाजवत नाही, ते लोकांनी भरायचे असतात. एकवीरा आईचं गाणं संपायच्या आत कोळीगीत, त्यातून सरळ सिनेमाचं. मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. एकसारखे टी-शर्ट घातलेले नवऱ्याचे दोस्त एकमेकांवर आदळत होते, सगळ्यांची तोंडं पिवळी. एकजण दोरीत पाय अडकून पडला, तर ताल न चुकवता चार हातांनी त्याला उभा केला. पडलेल्याला आधी उचलायचं, हा नियम हार्डकोरच्या गर्दीतही असतो, असं मित्रानं माझ्या कानात ओरडून सांगितलं. तिथं आजी नसतात, एवढा फरक. इथं नवऱ्याची आजी पदर खोचून बरोबर मध्ये होती. “दादूस, बसून काय र्‍हायलास?” तिनं मित्राचा हात धरला. त्याचा पांढरा सदरा गेला तो गेलाच.

हार्डकोरची गाणी सरकारवर, पोलिसांवर चिडलेली असतात. इथं कुणावरच राग नाही, आणि आवाज मात्र तेवढाच. मला हे कोडं सुटलेलं नाही. रवी जाधवांच्या २०१६च्या ‘बँजो’ सिनेमात हा आवाज शोधत न्यूयॉर्कहून एक मुलगी येते. पडद्यावर सगळं फार स्वच्छ दिसतं. घामाचा, हळदीचा आणि जनरेटरच्या डिझेलचा मिळून जो वास येतो, तो तिथं नाही.

रात्री दहानंतर भोंगे बंद, हा नियम २०००पासून आहे. त्या गावात दहा जरा उशिरा वाजले. जनरेटर थांबला, पॅड मुकं झालं. बँजोवाल्याचा हात मात्र लगेच थांबला नाही. वायर सुटलेल्या पेटीतून बारीक, टिणटिणता आवाज येत राहिला, दोन हातांवर ऐकू जाईल इतकाच. धवलारीण खुर्ची ओढून जवळ बसली आणि म्हणाली, “आता वाजव.”